ओहोटीच्या वेळेवर बेतलेला नीलचा एक दिवस

अंदमानला जाणारी आपल्याकडची बहुतेक मंडळी सेल्युलर जेलचे दर्शन घ्यायला जातात, आणि उरलेल्या दिवसांत जी बेटे दाखवली जातात त्यांत नील बेटाच्या वाट्याला बहुधा तीन-चार तासच येतात. सकाळची बोट, भरतपूरचा किनारा, समुद्राने खडकात कोरलेला नैसर्गिक पूल, जेवण आणि परतीची बोट. आमच्या शेजाऱ्यांनी असे नील पाहिले होते आणि त्यांच्या छायाचित्रांत पुलाच्या पायथ्याशी कमरेइतके पाणी होते. ती छायाचित्रे पाहताना मला वाटले की हे बेट घाईने पाहण्याचे नव्हे. तिथे एक सबंध दिवस, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत, आपल्या पायांनी आणि आपल्या वाहनाने फिरावे. वाहन म्हणजे भाड्याची स्कूटर आणि ती चालवणार मी, कारण यजमानांचा उजवा गुडघा गेली चार वर्षे दुखरा आहे. माझे वय ५६, त्यांचे ६३. यंदाच्या २ फेब्रुवारीला आम्ही तो दिवस पार पाडला. निघण्यापूर्वी मला ज्या गोष्टी कोणी नीट सांगितल्या नव्हत्या, त्या इथे क्रमाने लिहीत आहे.

सुरुवात झाली ती नोव्हेंबरमध्ये, माझ्या वाहन परवान्यापासून. कराडात मी रोज स्कूटर चालवते, पण परवान्यावरची तारीख वर्षानुवर्षे पाहिली नव्हती. पाहिली तेव्हा तो ऑगस्टमध्येच संपला होता. मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला तर पुन्हा चाचणी द्यावी लागत नाही. वर्ष उलटले तर मात्र द्यावी लागते. हे कळल्यावर जिवात जीव आला. अर्ज परिवहन खात्याच्या सारथी संकेतस्थळावर भरला. चाळिशीनंतर वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, तो नमुना १-अ डॉक्टरांकडून भरून घेतला, त्यांनी डोळे आणि रक्तदाब तपासून अडीचशे रुपये घेतले. विलंबाचे शुल्क, कार्ड आणि टपाल मिळून सातशेच्या आसपास गेले. कार्यालयात दोन खेपा झाल्या, कारण पहिल्या खेपेला जोडलेल्या प्रमाणपत्रावर डॉक्टरांचा शिक्का पुसट होता आणि तो अर्ज परत आला. नवा परवाना टपालाने घरी आला तो डिसेंबर संपता संपता. पंचावन्न वर्षांपुढे परवाना पाचच वर्षांचा मिळतो, तेव्हा ज्यांना आमच्यासारखे जायचे आहे त्यांनी विमानाचे तिकीट काढण्याआधी परवान्याची तारीख पाहावी.

दुसरी तयारी भरती-ओहोटीची. माझे माहेर दापोलीजवळच्या किनाऱ्यावरचे. लहानपणी आई तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगे: पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. मीही त्याच हिशेबाने कागद-पेन्सिल घेऊन बसले. १ तारखेला माघी पौर्णिमा होती, म्हणजे आमच्या दिवशी प्रतिपदा. भरती पाऊण वाजता यायला हवी. परंतु भारतीय सर्वेक्षण विभाग जे भरती-ओहोटीचे तक्ते दरवर्षी छापतो, त्यांतल्या पोर्ट ब्लेअरच्या रकान्यात भरती सकाळी दहाच्या आसपास होती आणि ओहोटी दुपारी चारच्या सुमारास. आईचा हिशेब चुकीचा नाही, तो तिच्या किनाऱ्यापुरता आहे. प्रत्येक किनाऱ्याची भरती वेगळ्या वेळी येते, तेव्हा कोकणातल्या माणसांनी आपला हिशेब तिथे लावू नये. आता फोनवरही हे तक्ते मिळतात. त्या एका रकान्यावरून आमचा सारा दिवस ठरला. पूल दुपारी साडेतीनला, पोहणे सकाळी, आणि या दोन गोष्टींची अदलाबदल करायची नाही.

पौर्णिमेच्या आसपासचे दिवस मुद्दाम निवडले, कारण तेव्हा उधाण असते. पाणी जितके चढते तितकेच खालीही जाते. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी, असते, ओहोटीला पाणी पुरेसे ओसरत नाही आणि पुलापर्यंतचे खडक नीट उघडे पडत नाहीत.

बोटीविषयी थोडक्यात सांगते. पोर्ट ब्लेअरचे नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजय पुरम आहे आणि नील बेटाचे नाव डिसेंबर २०१८ पासून शहीद द्वीप. नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ रोजी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकावला होता, त्याला ७५ वर्षे झाली त्या दिवशी हे नाव जाहीर झाले. तिकिटावर, पाट्यांवर आणि लोकांच्या तोंडी नवी-जुनी दोन्ही नावे आढळतात. तिकीट काढताना दोन्ही ध्यानात ठेवावीत. सरकारी बोट स्वस्त असते, मात्र तिची तिकिटे लवकर संपतात. आम्हाला मिळाली नाहीत. खासगी बोटीला माणशी सतराशे रुपये पडले. तिकिटावरचे नाव आणि आधार कार्डावरचे नाव तंतोतंत जुळावे लागते. यजमानांचे तिकीट मी घाईत वडिलांच्या नावाशिवाय काढले होते, त्यामुळे धक्क्यावरच्या तपासनिसाने आम्हाला रांगेतून बाजूला घेतले आणि वीस मिनिटे थांबवून मग सोडले. त्या वीस मिनिटांत माझ्या हाताला घाम फुटला होता. बोट सुटण्याच्या किमान तासभर आधी पोहोचावे असे जे सांगतात ते अशाच प्रसंगासाठी.

१ तारखेला दुपारी नीलला उतरलो. संध्याकाळी बाजारातल्या एका दुकानातून चोवीस तासांसाठी सहाशे रुपयांना स्कूटर घेतली. मालक विशीतला मुलगा होता, त्याने परवाना मागण्यासाठी हात यजमानांपुढे केला. मी माझा परवाना दिला. त्याने तारीख पाहिली, मग एकदा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “आंटी, रेतीवर पुढचा ब्रेक दाबू नका.” इतके उपयोगी वाक्य त्या प्रवासात दुसरे कोणी बोलले नाही. भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात; पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळत असली तरी घेऊ नये, कारण ती खासगी असते आणि अपघात झाल्यास विम्याचा प्रश्न येतो. परवान्याची छायाप्रत द्यावी, मूळ परवाना जवळच ठेवावा. गाडीवरचे आधीचे ओरखडे मालकासमोर फोनमध्ये टिपून घ्यावेत. दोघांसाठी हेल्मेट मागून घ्यावे; त्याने मागचे हेल्मेट स्वतःहून दिले नव्हते. पेट्रोल त्याने बाटलीतून ओतून दिले, त्याचे दोनशे रुपये वेगळे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. गावात रोज चालवते ती गाडी माझी, रस्ते ओळखीचे, आणि मागे कोणी बसलेले नसते. इथे मागे दुखऱ्या गुडघ्याचा माणूस, पुढे अनोळखी रस्ता. हे म्हणाले, नको वाटले तर रिक्षा करू, त्यात काय मोठे. त्यांच्या त्या बोलण्याने धीर आला, कारण मागे फिरण्याची वाट मोकळी राहिली.

अंदमानचे घड्याळ आपलेच असते, पण बेटे आपल्या मानाने इतकी पूर्वेला आहेत की फेब्रुवारीच्या सुरुवातीला सूर्य पावणेसहाच्या आधीच वर येतो आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत मावळतो. ज्यांना हे माहीत नसते ते नऊ वाजता खोलीतून निघतात आणि अर्धा दिवस हातचा घालवतात. आम्ही पहाटे पाच वाजता निघालो. रस्त्यावर दिवे नव्हते. मावळतीकडे कललेला पौर्णिमेनंतरचा चंद्र पाठीशी होता आणि त्याच्या उजेडात पुढे रस्त्यावर सुपारीच्या बागांच्या सावल्या पडल्या होत्या. बाजारापासून सीतापूर पाचेक किलोमीटर आहे. मी वीसच्या पुढे काटा जाऊ दिला नाही. वाटेत दोन कुत्री आणि सायकलवर दुधाची किटली घेतलेला एक माणूस, एवढेच भेटले. पहिला किलोमीटर संपला तेव्हा माझे खांदे सैल झाले.

सीतापूर बेटाच्या पूर्व टोकाला आहे. किनाऱ्याच्या एका अंगाला चुनखडीचा कडा, त्याच्या पोटात पाण्याने कोरलेल्या कपारी, आणि पहाटेच्या ओहोटीने उघडी पडलेली खडकांची रांग. सूर्य समुद्रातून वर आला तेव्हा तिथे आम्ही धरून सात माणसे होती. एका उंडीच्या झाडाखाली बसून आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो. उंडी मला लांबूनच ओळखू आली. माहेरी परसात होती आणि तिच्या बियांचे कडू तेल आजी सांध्यांना लावत असे. हजार मैलांहून दूर तेच झाड पाहून मला फार बरे वाटले, आणि यजमानांनी खाली पडलेली एक गोल बी उचलून बराच वेळ हातात धरली.

परतताना मी मुख्य रस्ता सोडून रामनगरच्या बाजूचा आतला रस्ता धरला. या दिवसातला सर्वांत सुंदर भाग कोणता असे कोणी विचारले तर मी किनाऱ्यांआधी या रस्त्याचे नाव घेईन. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासित कुटुंबांना १९६० च्या दशकात इथे जमिनी देऊन वसवले गेले. गावांची नावे सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर अशी आहेत. घरापुढे सारवलेले अंगण, बाजूला एक छोटे तळे, त्यात बदके, तळ्याच्या काठाने केळी, आणि मागे भाताचे कापून झालेले वाफे. अंदमानला भाजीपाला पुरवणारे बेट अशी नीलची ख्याती आहे. त्या सकाळी रस्त्याच्या कडेला वांगी, दुधी आणि हिरव्या मिरच्यांच्या पाट्या टेम्पोची वाट पाहत होत्या. एका अंगणात एक बाई तुळशीला पाणी घालत होत्या. आम्ही रस्ता विचारायला थांबलो, त्यांनी रस्ता सांगितला आणि दोन पिकली केळी हातावर ठेवली. पैसे देऊ लागले तर त्या नाराज झाल्या. मी त्यांना मासी म्हटले, तेव्हा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

त्याच रस्त्यावर एका वळणावर वाऱ्याने पसरलेली वाळू होती. ती मला उशिरा दिसली. पुढचे चाक डावीकडे सरकले, हाताने सवयीने ब्रेक धरला, पण तो मागचा धरला गेला, आणि गाडी तिरपी होऊन थांबली. दोघांचेही पाय जमिनीवर टेकले. कुणाला लागले नाही. मी गाडी बाजूला लावली आणि पाच मिनिटे एका बांधावर बसून राहिले. छातीत धडधडत होते. हे काही बोलले नाहीत, पाण्याची बाटली उघडून दिली. ज्यांना स्कूटर चालवण्याची रोजची सवय नाही, त्यांनी किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या शेवटच्या दोनशे मीटरवर गाडी न नेता आधीच उभी करून चालत जावे. त्यानंतर आम्ही दिवसभर तसेच केले.

साडेनऊला भरतपूरला पोहोचलो. धक्क्याजवळचा हा किनारा भरतीच्या वेळी पोहण्यास उत्तम, कारण पाणी उथळ आणि शांत असते, तर ओहोटीला तिथे दूरवर खडक आणि मेलेले प्रवाळ उघडे पडते आणि पोहण्याजोगे काही उरत नाही. तक्त्याप्रमाणे दहा वाजता पाणी अगदी काठाशी आले. यजमानांचा गुडघा पाण्यात दुखत नाही. ते पाऊण तास पाण्यात राहिले, चार वर्षांत मी त्यांना इतक्या सहज हालचाली करताना पाहिले नव्हते. तोवर दिवसभराच्या सहलीच्या बोटी आल्या आणि किनारा भरला. काचेच्या तळाच्या नावांसाठी रांग लागली. आम्ही ती फेरी केली नाही, तेव्हा तिच्याविषयी मला सांगता येणार नाही.

साडेअकराला बाजारात परत आलो. दुपारचे ऊन तिथे खरोखर सोसत नाही, आणि पहाटे लवकर निघण्याचा फायदा असा की बारा ते अडीच निवांत पडून राहता येते. बाजारातल्या एका लहान खानावळीत माशाची थाळी दोनशे ऐंशी रुपयांना मिळाली: भात, मसूर डाळ, बटाट्याचे भाजे आणि मोहरीच्या वाटणातले सुरमईचे तुकडे. यजमान शाकाहारी, त्यांना दीडशेत थाळी मिळाली. पैसे देताना फोनवरून व्यवहार होईना, नेटवर्क गेले होते. जवळच्या एटीएममध्ये पैसे नव्हते. आम्ही निघतानाच पाच हजार रुपये सुटे करून आणले होते, म्हणून अडले नाही. शंभर आणि पन्नासच्या नोटा जास्त ठेवाव्यात, पाचशेची मोड सहज मिळत नाही.

तीनच्या सुमारास लक्ष्मणपूरच्या क्रमांक दोनच्या किनाऱ्याकडे निघालो. नैसर्गिक पूल तिथेच आहे. जुने बंगाली वस्तीकर त्याला हावडा ब्रिज म्हणत. शहाळी आणि लिंबू-पाणी विकणाऱ्या टपऱ्यांपासून पायवाट खाली उतरते आणि मग पुढची वाट पूर्णपणे खडकांवरून आहे. टोकदार प्रवाळ-खडक, मधूनमधून शेवाळ, आणि खडकांत साठलेल्या पाण्याची डबकी. इथे चपला अजिबात चालत नाहीत. कराडच्या बाजारातून आम्ही पावसाळ्यात शेतात घालतात तसले रबरी बूट तीनशे रुपयांत आणले होते, त्यांनी दिवस तारला. एका स्थानिक मुलाला दोनशे रुपये देऊन आम्ही सोबत घेतले, मुख्यतः यजमानांना हात द्यायला. तो प्रत्येक पाऊल कुठे टाकायचे ते सांगत होता आणि आम्ही अर्ध्या तासाची वाट पन्नास मिनिटांत चाललो.

पुलाच्या अलीकडे एका डबक्यापाशी तो मुलगा थांबला आणि आम्हाला वाकून पाहायला सांगितले. गुडघाभर पाण्यात, खडकाच्या फटीत एक मोठा शिंपला रुतलेला होता, साधारण दोन तळहातांएवढा. त्याची दोन्ही कवचे नागमोडी आणि ती अर्धवट उघडी. आत ओठांसारखी मांसल कड, निळी, इतकी निळी की मोराच्या मानेची आठवण व्हावी, आणि तिच्यावर बारीक हिरवे ठिपके. मी आणखी वाकले. माझी सावली पाण्यावर पडली आणि ती कड एकदम आत ओढली गेली, कवचे मिटली. आम्ही मागे सरलो आणि न बोलता उभे राहिलो. मिनिटभराने कवचे थोडी विलग झाली, मग निळी रेघ दिसली, मग हळूहळू सारी कड बाहेर आली.

पूल म्हणजे समुद्राने खालून पोखरलेला खडक, वर झाडोरा आणि मध्ये दोन कमानी. आम्ही पोहोचलो तेव्हा चारला दहा मिनिटे कमी होती आणि कमानीखालची जमीन कोरडी होती. शेजाऱ्यांच्या छायाचित्रात जिथे कमरेइतके पाणी होते, तिथे हे एका दगडावर बसून बुटातली वाळू झटकत होते. मला खूप आनंद झाला. त्या आनंदात त्यांनी तिथवर चालत येण्याचाही वाटा होता. वीस मिनिटे थांबलो. पाणी फिरण्याआधी खडक पार केलेले बरे, असे मुलाने सांगितल्यावर लगेच उठलो, कारण परतताना आम्हाला पुन्हा पन्नास मिनिटे लागणार होती.

सूर्यास्त लक्ष्मणपूरच्या पहिल्या किनाऱ्यावर पाहायचा ठरले होते. तिथे आम्ही पोहोचलो तेव्हा सूर्य क्षितिजाला टेकला होता. पांढऱ्या वाळूच्या टोकापर्यंत चालत जाण्याइतका वेळ उरला नाही, आणि ते राहून गेले. पूल आणि सूर्यास्त एकाच संध्याकाळी गाठायचे असतील तर ओहोटी तीनच्या आधी असलेला दिवस निवडावा लागेल. अंधार झपाट्याने पडतो. सहाला दहा कमी असतानाच मला दिवा लावून गाडी चालवावी लागली. स्कूटर परत दिली तेव्हा एकतीस किलोमीटर झाले होते. मालकाने ओरखडे तपासले, छायाप्रत माझ्यासमोर फाडली. वाळूवर गाडी घसरल्याचे मी त्याला सांगितले, तर त्याने वळण कोणते ते विचारले आणि म्हणाला, तिथे सगळेच घसरतात.

स्कूटर, पेट्रोल, जेवणे, शहाळी आणि वाटाड्या मिळून त्या दिवसाचा दोघांचा खर्च सतराशे रुपयांच्या घरात गेला. खोली आणि बोट वेगळी.

बेटावरून प्रवाळाचा तुकडासुद्धा उचलून आणायचा नसतो. प्रवाळ आणि शंख-शिंपल्यांच्या अनेक जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि विमानतळावर सामानात सापडल्यास अडचण होते, म्हणून आम्ही दिवसभर खिसे रिकामे ठेवले होते. रात्री खोलीच्या ओसरीवर मी रबरी बूट उलटे करून आपटले, तर वाळूबरोबर एक वाटाण्याएवढा शंख पडला. मी तो उचलायला गेले तोच त्यातून बारीक लाल पाय निघाले आणि शंख फरशीवरून चालू लागला. न्हाणीघरातला मग आणला, त्यात ओली वाळू घातली, त्या खेकड्याला त्यात ठेवले आणि टॉर्च घेऊन दोघे किनाऱ्यावर गेलो. चंद्र नुकताच वर आला होता, पाणी चढत होते. हे गुडघा सांभाळत वाकले आणि त्यांनी मग वाळूवर आडवा केला. खेकडा बराच वेळ आतच बसून राहिला. मग बाहेर आला आणि पाण्याकडे न जाता वर, केवड्याच्या मुळांकडे चालू लागला.